फोन आहेच, मग वेगळं जीपीएस यंत्र कशाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही पाच जण सहा दिवसांच्या डोंगरवाटेवर निघालाय. मधले चार दिवस ना रेंज, ना चार्जिंगची सोय. पाचातले दोघं एवढ्या लांबच्या वाटेवर पहिल्यांदाच येतायत. फोनमध्ये जीपीएस आहे, नकाशे उतरवून ठेवता येतात. एक मित्र म्हणतो, फोन चुकतो, खरं जीपीएस म्हणजे हातातलं वेगळं यंत्र. दुसरा म्हणतो, ती यंत्रं आता माळ्यावर टाकायची. आणि तुम्ही विचारताय, आजच्या दिवसांत वेगळ्या यंत्रावर पैसे घालण्यात अर्थ उरलाय का?

मी २२ वर्षं डोंगरात गट घेऊन जातोय. त्यातली १२ वर्षं वाट चुकलेल्यांना शोधणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकातही आहे. माझ्या खिशात फोन असतो आणि सॅकच्या पट्ट्याला यंत्र. तरीही 'यंत्र घ्याच' असं मी सरसकट सांगत नाही. दहा जणांनी विचारलं तर सहा-सात जणांना नको म्हणतो. तुम्हाला मात्र मी हो म्हणणार आहे. ते का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल, कारण तुमच्या दोन्ही मित्रांचा वाद अचूकपणावर चाललाय, आणि घोडं पेंड खातं ते दुसऱ्याच ठिकाणी.

अचूकपणाचं आधी संपवून टाकू. यंत्र काय किंवा फोन काय, दोघंही फक्त ऐकतात. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सतत सांगत असतात. तो संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून उपग्रहाचं अंतर कळतं, आणि असे चार उपग्रह मिळाले की आपण कुठे आहोत ते ठरतं. आकाशातून येणारा आवाज दोघांना सारखाच. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. ती मिसळ बंद झाल्यावर चित्रच पालटलं. आज मोकळ्या आकाशाखाली साधा फोन सुमारे ५ मीटरच्या आत जागा सांगतो; अमेरिकी सरकार फोनसाठी ४.९ मीटर हा आकडा देतं. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बैदू हेही बहुतेक फोन ऐकतात. दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर ऐकणारे फोन २०१८ मध्ये आले; डोंगरात वापरायच्या यंत्रांत ही सोय २०२० च्या सुमारास आली. या बाबतीत फोनच पुढे होता.

यंत्राचा अँटेना मोठा असतो, काही मॉडेलांत तो वर उंचावलेला दांडका असतो, आणि दाट झाडीत त्याचा थोडा फायदा होतो. एकदा एका अरुंद घळीत जेवणाच्या सुट्टीत मी फोन आणि यंत्र एकाच दगडावर शेजारी-शेजारी ठेवून अर्धा तास ट्रॅक, म्हणजे गेलेल्या वाटेची नोंद, चालू ठेवला. दोन्हींवर लहान मुलानं पेन्सिल फिरवावी तशी गिचमिड उमटली होती. यंत्राची गिचमिड थोडी आटोपशीर होती, एवढंच. उंच कड्यांमध्ये संदेश खडकावर आपटून वळसा घेऊन येतो, त्यामुळे अंतर जास्त मोजलं जातं. तिथे दोघंही फसतात. पायवाट शोधायला एवढा फरक पुरेसा नाही. फक्त अचूकपणासाठी यंत्र घेणार असाल, तर घेऊ नका.

आता रेंजबद्दल, कारण या एका गैरसमजापायी मी माणसांना घाबरलेलं पाहिलंय. 'रेंज गेली, आता जीपीएस चालणार नाही' हे खरं नाही. फोनमधलं जीपीएस सिमकार्ड नसतानाही चालतं, आणि आताच्या बहुतेक फोनमध्ये फ्लाइट मोडवरही चालू राहतं. रेंज नसली की अडतात दोन गोष्टी. पहिली म्हणजे नकाशा. तो आधी उतरवला नसेल तर कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा दिसतो. दुसरी फार जणांना माहीत नसते. कोणता उपग्रह नेमका कुठे आहे याची माहिती फोन एरवी इंटरनेटवरून झटकन मागवून घेतो. रेंज नसेल तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि जीपीएसचा तो संदेश सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथपणे येतो. एका उपग्रहाची स्वतःची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते, सगळ्या ताफ्याचं ढोबळ वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं लागतात. चालता चालता, झाडाखाली, हातात हलणाऱ्या फोनला मधले तुकडे निसटत राहतात, आणि माणूस म्हणतो जीपीएस बिघडलं. सकाळी निघताना मोकळ्या जागी फोन आकाशाकडे तोंड करून दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवा, पहिला ठिपका पक्का होऊ द्या, मग निघा. रेंजमध्ये असेपर्यंत वेगळ्या यंत्राला तेच करावं लागतं आणि फोनला नाही, एवढाच दोघांत फरक. रेंजबाहेर दोघं एका पंगतीत.

नकाशा उतरवण्याबद्दलही एक सांगतो. गूगल मॅप्सचा भाग ऑफलाइन ठेवता येतो, पण ऑफलाइन असताना ते पायी चालण्याचा मार्ग काढून देत नाही, आणि डोंगरात ज्या पायवाटा आणि उंचीच्या रेषा लागतात त्यासाठी ते बनलेलंही नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारी ऑसमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्ससारखी ॲप या कामाला बरी. कोणतंही ॲप असो, घरीच फोन फ्लाइट मोडवर टाकून वाटेचा प्रत्येक टप्पा मोठा करून पाहा. पायवाट जवळून दिसते ना, उंचीच्या रेषा येतात ना, हे घरच्या खुर्चीत कळलेलं बरं.

आता मूळ मुद्दा. वेगळ्या यंत्राचा खरा फायदा असा की ते दुसरं काहीही करत नाही.

बॅटरीच्या हिशेबात हे लख्ख दिसतं. डबल-ए आकाराच्या दोन चार्जेबल सेलमध्ये मिळून साधारण ५ वॉट-तास ऊर्जा असते. गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्ससारखं साधं यंत्र अशा दोन सेलवर २५ तास चालतं असं कंपनी सांगते. म्हणजे ते साधारण पाव वॉटहून कमीच खातं. ५,००० मिलिॲम्पिअर-तासांच्या फोनमध्ये सुमारे १९ वॉट-तास असतात, जवळजवळ चौपट. तरी फोन संध्याकाळपर्यंत टिकत नाही, ही प्रत्येकाची तक्रार. लोक दोष जीपीएसला देतात. खाणारे खरे दोघं: उन्हात वाचता यावा म्हणून पूर्ण उजेडावर ठेवलेला पडदा, आणि दरीखोऱ्यात हरवलेला टॉवर शोधत पूर्ण ताकदीनं ओरडणारा रेडिओ. रेंज नसलेल्या भागात फोन काहीही न करता दुपारपर्यंत अर्धा उतरतो तो यामुळे. फ्लाइट मोड लावा, पडदा बंद ठेवून फक्त ट्रॅक नोंदवा, तर माझा फोन दहा तासांच्या चालीत २५ ते ३० टक्के उतरतो. एवढ्यावर एक-दोन दिवसांची वाट आरामात निघते, आणि म्हणूनच एक-दोन दिवस जाणाऱ्यांना मी यंत्र नको म्हणतो.

'मग पॉवर बँक घेऊ' हा पुढचा प्रश्न. घ्याच. पण १०,००० मिलिॲम्पिअर-तासांची पॉवर बँक ५,००० चा फोन दोनदा भरत नाही; व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत बरंच जातं, हाती जेमतेम सव्वा-दीड वेळा भरण्याइतकं येतं. त्यात दिवसभर पाऊस झाला की संध्याकाळी फोन चार्जिंगच्या खाचेत ओल असल्याचा इशारा देतो आणि केबल लावली तरी चार्ज घेत नाही. तंबूत बसून ती खाच कोरडी करण्यात माझे दोन-दोन तास गेलेत. यंत्राचं झाकण उघडलं, दोन सेल काढले, दोन घातले, की एका मिनिटात ते पुन्हा भरलेलं. थंडीत हा फरक आणखी वाढतो. ॲपल आपल्या फोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगतं. डोंगरातली साधी यंत्रं उणे २० पर्यंत चालतील अशी बनवलेली असतात, आणि न चार्ज होणारे लिथियमचे डबल-ए सेल उणे ४० पर्यंत काम देतात. बोचऱ्या वाऱ्यात ३० टक्के दाखवणारा फोन हातातच बंद पडलेला मी कितीदा तरी पाहिलाय. छातीशी धरून ऊब दिली की पुन्हा सुरू होतो, पण नेमका वाट फुटते तिथे एवढा वेळ नसतो.

शोधपथकातला एक प्रसंग सांगतो, माझं मत तिथे पक्कं झालं. दोन तरुण संध्याकाळी परतले नाहीत. सकाळी सापडले, मुख्य पायवाटेपासून ७०० मीटरवर, एका कातळाच्या आडोशाला. दोघं धड होते, फक्त गारठलेले. दिवसभर दोघांनी आलटून पालटून फोनवर नकाशा पाहिला होता, आणि त्यांचा नकाशा बरोबरही होता. अंधार पडताना दोघांचे फोन संपले. ज्या कातळापाशी ते बसले होते तिथून दहा मिनिटं वर चढलं की सोंडेवर रेंज येते. त्यांना ते आठवतही होतं, दुपारी तिथेच त्यांच्या फोनला मेसेज आले होते. पण रात्री वर जाऊन फोन करायला फोन उरलाच नव्हता. फोन संपतो तेव्हा नकाशा जातो, त्याच्याबरोबर टॉर्च जाते, घड्याळ जातं, आणि मदतीला हाक मारायचं साधन जातं. एका बॅटरीवर सगळं टांगलेलं असतं आणि ते सगळं एकदम खाली येतं. वाट दाखवण्याचं काम दुसऱ्या वस्तूवर टाकलं की फोन सॅकच्या आत, कोरड्या पिशवीत, बंद करून ठेवता येतो. माझ्यासाठी यंत्राची सगळी किंमत यात वसूल होते.

दुसरं कारण हाताचं आहे. फोन पाण्यात भिजून मरेल ही भीती आता जुनी झाली. चांगले फोन पाण्यात पडूनही वाचतात. पण त्यांचा पडदा पावसात वापरता येत नाही. काचेला बोट लागलंय की थेंब, हे तिला नीट कळत नाही. सोंडेवर उभे आहात, वारा आडवा पाऊस मारतोय, पुढे धुक्यात वाट दुभंगलीय. फोन काढला. थेंबांनी नकाशा आपोआप लांब गेला, मग सरकून भलत्याच दरीवर जाऊन थांबला. पुसायला बाही घेतली तर बाही ओली. हातमोजा दातांनी ओढून काढला, बोटं गार पडलेली, आता अंगठ्याचा ठसाही लागेना. पासकोड तीनदा चुकला. मागे चार जण उभे आहेत आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघतायत. तिथे यंत्राची जाड रबरी बटणं मोज्यासकट दाबता येतात, न बघता दाबता येतात, आणि पडदा असा असतो की ऊन पडलं की तो आणखी ठळक दिसतो, त्याला मागून उजेड लागत नाही. उन्हात फोनचा आरसा होतो आणि त्यात आपलंच तोंड दिसतं, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

तिसरं कारण ट्रॅकच्या नोंदीचं. बॅटरी वाचवायला फोनची प्रणाली मागे चालणारी ॲप परस्पर बंद करते. तुम्हाला वाटतं नोंद चालू आहे, आणि संध्याकाळी बघावं तर अकरा वाजल्यापासून दीडपर्यंत एक सरळ रेषा, दरी ओलांडून गेलेली. एका शोधात बरोबर हेच झालं. मागे राहिलेल्या साथीदारानं आपल्या फोनमधला ट्रॅक आम्हाला दिला, आणि ज्या वळणावर दोघांची चुकामूक झाली नेमका तोच भाग सरळ रेषेत गिळला गेला होता. आम्हाला दोन ओढे शोधावे लागले, एक पुरला असता. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरी-बचतीतून वगळता येतं; ही सोय प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या ठिकाणी लपलेली असते आणि फोन अपडेट झाला की कधी कधी पूर्ववत होते. यंत्र सकाळी चालू केलं की बंद करेपर्यंत लिहीत राहतं. ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं परत जायचंय, आणि धुकं उतरलंय, तेव्हा ही तुटक नसलेली रेघ म्हणजे जीव की प्राण.

आता फोनच्या बाजूनं बोलायला हवं, कारण त्याचं पारडंही हलकं नाही. वाट आखायला, उपग्रहचित्र बघायला, नाव टाइप करून जागा शोधायला फोन शंभर पटींनी चांगला. यंत्राच्या छोट्या पडद्यावर एक-एक अक्षर निवडत 'तिसरा मुक्काम' लिहिणं म्हणजे संयमाची परीक्षा असते. आपली जागा दुसऱ्याला कळवायला तर फोनला पर्यायच नाही. इथे एका चुकीपासून मात्र जपा. फोन जागा दशांश अंशात देतो, बरीच यंत्रं अंश आणि मिनिटांत मागतात. फोननं २५.४५० दाखवलं आणि समोरच्यानं ते २५ अंश ४५ मिनिटं म्हणून यंत्रात भरलं, तर फरक ०.३ अंशाचा होतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणजे तुमचा मुक्काम ३३ किलोमीटर लांब गेला. निघण्याआधी गटातल्या सगळ्या फोनवर आणि यंत्रावर एकच पद्धत लावून ठेवा.

गाडीसाठी वेगळं यंत्र हवं का, असं तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय. नको. गाडीत चार्जर आहे, छप्पर आहे, आणि रहदारीची ताजी माहिती फोनला जितकी मिळते तितकी बंद डब्याला मिळत नाही. ट्रकचालकांची गोष्ट वेगळी, त्यांच्या यंत्रात गाडीची उंची आणि वजन भरता येतं आणि बसणार नाही असा पूल ते टाळतं. मोटरसायकलच्या हँडलला फोन लावणार असाल तर एक लक्षात घ्या: ताकदवान इंजिनाच्या सततच्या हादऱ्यांनी आयफोनच्या कॅमेऱ्याचं नुकसान होऊ शकतं, असं ॲपलनंच २०२१ मध्ये जाहीर केलंय. समुद्रात जाणाऱ्यांना आणि जमीन मोजणाऱ्यांना आपापली खास उपकरणं लागतातच, त्यात फोनचा प्रश्नच येत नाही.

उपग्रहावरून संदेश पाठवण्याची सोय आता काही फोनमध्येही आलीय. आयफोन १४ पासून, २०२२ च्या नोव्हेंबरात ती सुरू झाली, पण मोजक्याच देशांत. काही हातातल्या यंत्रांत इरिडियमच्या उपग्रहांवरून दोन्ही बाजूंनी निरोप जातात. तुमच्यासारख्या वाटेवर ही सोय जीव वाचवू शकते. मात्र काही देशांत परवान्याशिवाय असं उपकरण जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, तेव्हा जिथे जाणार तिथला नियम आधी नीट बघा. साधं, फक्त ऐकणारं जीपीएस यंत्र घेताना त्यात संदेश पाठवण्याची सोय नाही ना, हेही पाहून घ्या.

इथवरचं एकत्र करतो. मोकळ्या आकाशाखाली अचूकपणात फोन आणि यंत्र बरोबरीचे. दिवसा-दोन दिवसांची वाट, बरं हवामान, मळलेली पायवाट असेल तर फोन आणि एक पॉवर बँक पुरे. चार्जिंगपासून तीन दिवसांहून लांब, ओल्या किंवा गोठणाऱ्या हवेत, वाट पुसट, आणि तुमच्या भरवशावर आलेली माणसं बरोबर, यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी मी यंत्र बरोबर घ्या म्हणतो. तुमच्या बाबतीत पहिली आणि शेवटची जुळतेच. हवामान कसं असेल ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण सहा दिवसांत एकदा तरी पाऊस गाठेल असं धरून चाला.

म्हणून पाच जणांत एक यंत्र घ्या. विकतच हवं असं नाही. या सहा दिवसांपुरतं कोणाकडून उसनं मिळालं तर उत्तम. घेतलंच तर बटणांचं, डबल-ए सेलचं, साधं मॉडेल घ्या. रंगीत मोठा टचस्क्रीन असलेलं घेतलं तर फोनचेच दोष पुन्हा पदरात घेता. स्वस्त मॉडेलांत चुंबकीय होकायंत्र नसतं, त्यामुळे दिशेचा बाण तुम्ही चालत असाल तेव्हाच खरा असतो. उभं राहून यंत्र फिरवलं तर तो चुकीचं दाखवतो. हे माहीत असलं की बिघडत नाही, दहा पावलं चालायचं आणि मग बघायचं. जुनं यंत्र घेत असाल तर सेलच्या खोबणीतला गंज, झाकणाचं रबर आणि बटणांवरच्या भेगा बघा. तारीखही तपासा. जीपीएस तारीख आठवडे मोजून सांगतं, आणि त्या मोजणीचा मूळ आकडा १,०२३ पर्यंतच जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. शेवटचा तसा फेरा ६ एप्रिल २०१९ ला पडला. अपडेट न झालेली काही जुनी यंत्रं तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतात.

पैसे घालायचे नसतील तर मधला मार्ग आहे, आणि मी तो मनापासून सुचवतो. गटातल्या कोणाचा तरी जुना फोन घ्या, बॅटरी अजून धरते असा. सिम काढा, लागणारं नकाशाचं एक ॲप ठेवून बाकी सगळं उडवा, कायम फ्लाइट मोडवर ठेवा. हा फोन फक्त वाट दाखवेल. ओल्या काचेचा त्रास राहील, थंडीचाही राहील, पण तुमचा रोजचा फोन सॅकमध्ये भरलेला राहील, आणि मुख्य काम तेच होतं. दोन्ही फोन आणि यंत्र असलं तरी कागदी नकाशा आणि साधं होकायंत्र माझ्या सॅकच्या झाकणात असतंच.

यंत्र आणलंत तर निघायच्या आदल्या दिवशी खोक्यातून काढू नका. न वापरलेलं यंत्र डोंगरात फोनपेक्षा वाईट, कारण त्याच्यावर भरवसा असतो आणि हात बसलेला नसतो. गटातल्या दोघांना तीन गोष्टी डोळे झाकून यायला हव्यात: उभे आहोत तो बिंदू साठवणं, आलेल्या रेघेवरून परत जाणं, आणि घरी आखलेल्या वाटेची फाइल (जीपीएक्स) यंत्रात घालून उघडणं. 'या बिंदूकडे चला' असं यंत्राला सांगितलं की बहुतेक वेळा ते सरळ रेषेत बाण दाखवतं. त्या रेषेत मधे कडा आहे की नदी, हे बाणाला ठाऊक नसतं. नवखी माणसं बाणामागे जातात आणि कड्याच्या काठावर येऊन थांबतात, आणि कधी थांबायला उशीर होतो. तुमच्या दोन नव्या साथीदारांना हे यंत्र हातात देण्याआधी आवर्जून सांगा.

निर्णय घ्यायच्या आधी एक करा. येत्या सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या वाटेवर सकाळी सात ते संध्याकाळी पाच चाला. फोन फ्लाइट मोडवर, ट्रॅक चालू, दर अर्ध्या तासानं नकाशा बघायचा, जसा तिथे बघाल तसा. दर दोन तासांनी बॅटरीचा टक्का कागदावर लिहा. एकदा हात आणि फोन दोन्ही ओले करून, पातळ मोजा घालून, पुढचं वळण शोधून पाहा आणि किती सेकंद लागले ते मोजा. संध्याकाळी ट्रॅक उघडून त्यात कुठे सरळ रेषा पडलीय का बघा. ते आकडे, फोनचं मॉडेल आणि तिथल्या हवामानाचा अंदाज इथे लिहा. मग कोणतं यंत्र, किती सेल आणि कितीची पॉवर बँक लागेल, हे मी नेमकं सांगू शकेन.